दुसऱ्याचा चाबूक

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर दोव्हिल नावाचं गाव आहे. ऑगस्टमध्ये पॅरिसचे पैसेवाले तिथे समुद्रावर येतात आणि त्यांच्यामागोमाग घोडेही येतात. १९७९ सालच्या 'ग्राँ प्री द दोव्हिल'मध्ये शर्यत ऐन रंगात असताना इंग्लिश जॉकी लेस्टर पिगटच्या हातून चाबूक पडला. यात नवल काहीच नाही. शेजारच्या घोड्याचा खांदा लागतो, एका हातातून दुसऱ्या हातात घेताना अंदाज चुकतो, नाहीतर पावसाने मूठ ओली होते. चाबूक पडला की जॉकी हाताने लगाम ढकलत, टाचा लावत उरलेली शर्यत निभावून नेतो आणि उतरल्यावर ट्रेनरला कारण सांगतो. पिगटच्या शेजारी आलँ लेकू हा फ्रेंच जॉकी होता. पिगटने हात लांबवला, लेकूच्या मुठीतला चाबूक काढून घेतला आणि तो वापरत आपला घोडा आफ्रिकन होप दुसऱ्या नंबरावर आणला. लेकूचा घोडा तिसरा आला. पंचांनी दोघांचे नंबर उलटे केले आणि पिगटवर वीस दिवसांची बंदी घातली.

रेसवाले ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात आणि ऐकणारे हसतात. मला मात्र तिच्यातलं काहीतरी टोचत राहतं. आधी तर ते जमलं कसं, हेच कोडं आहे. घोडा तासाला साठ किलोमीटरच्या आसपास धावतोय, सेकंदाला दोनाहून जास्त ढांगा, प्रत्येक ढांग सात मीटरांची. बसायला खोगीर असलं तरी त्यावर कुणी बसलेलं नसतं. जॉकी दोन रिकिबींवर बोटांच्या मुळाशी उभा असतो आणि गुडघे मानेच्या बुडाशी घोड्याला जेमतेम चिकटलेले असतात. दोन्ही लगाम एकावर एक घेऊन त्यांचा पूल करून धरलेला असतो. एका हाताने तो पूल सांभाळायचा, अंग आडवं बाहेर काढायचं, दुसऱ्या घोड्याच्या ढांगेशी आपली ढांग जुळेल तो क्षण पकडायचा आणि एका पकडीत मूठ मोकळी करायची. पाव सेकंद चुकला असता तर तो खाली गेला असता, आणि मागून येणाऱ्या टापांनी बाकीचं काम केलं असतं. त्याने हा सगळा हिशेब केला असेल असं वाटत नाही. समोर हवी ती वस्तू दिसली, हात गेला.

दुसरी टोचणी थोडी खोल आहे. जॉकीच्या धंद्यात स्वतःचं असं असतंच किती? घोडा मालकाचा. अंगावरचे रंगीत सिल्क मालकाचे. घोडा तयार करतो ट्रेनर, रोज खरारा करतो सईस, पहाटे फिरवून आणतो राइडिंग बॉय. जॉकी शर्यतीआधी काही मिनिटं पॅडॉकमध्ये येतो, कुणीतरी त्याचा गुडघा धरून वर उचलतो, आणि पुढची अडीच मिनिटं घोडा त्याचा. शर्यत संपली की खोगीर काढून काखेत मारायचं आणि वजनकाट्याकडे चालायला लागायचं. मालक मनात आणील तर पुढच्या वेळी त्या पाठीवर दुसराच कुणी दिसतो. बक्षिसातला त्याचा हिस्सा आपल्याकडे साधारण साडेसात टक्के, इंग्लंडातही त्याच घरातला. आता हेच सगळं उलटं करून बघा. दुसऱ्याचं काढून घेणं हेच ज्याचं भांडवल, असा माणूस या धंद्यात किती वर जाईल? पिगट ब्रिटनमध्ये ४,४९३ शर्यती जिंकेपर्यंत गेला. पाच क्लासिक, म्हणजे इंग्लंडातल्या सर्वांत मानाच्या शर्यतींत (दोन गिनीज, ओक्स, डर्बी आणि सेंट लेजर) मिळून ३० विजय, त्यांत ९ एप्सम डर्बी. अकरा वेळा चॅम्पियन जॉकी.

त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं: शरीर. आणि तेही त्याच्या विरुद्ध.

पिगटची उंची पाच फूट आठ इंच. शेजारी उभा राहिला तर आपल्याला अगदी सामान्य वाटेल, पण जॉकींच्या खोलीत ही उंची म्हणजे शिक्षाच. त्याचं टोपणनावच 'लाँग फेलो' पडलं होतं. सरळ जेवला असता तर त्याचं वजन साठ किलोंच्या बरंच वर गेलं असतं. तो वर्षानुवर्षं घोड्यावर बसला ५३ किलोंच्या आसपास. हा आकडा नीट कळायला वजनाचं गणित माहीत हवं. डर्बीत नर घोड्यावर त्या काळी ९ स्टोन, म्हणजे ५७ किलो वजन असे. आपल्या इंडियन डर्बीतही तो आकडा ५७ च आहे. पण हे ५७ किलो नुसत्या माणसाचे नसतात. त्यात खोगीर आलं, तंग, रिकिबी, बूट, विजार, सिल्क सगळं आलं. टोपी आणि चाबूक काट्यावर धरत नाहीत. शिवाय रोज काही डर्बी नसते. हँडिकॅपमध्ये, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे कमी-जास्त वजन देतात त्या शर्यतींत, ५२, ५१, त्याहूनही कमी वजनाचे घोडे असतात, आणि ती वजनं ज्याला करता येत नाहीत त्याला तेवढ्या राइड सोडून द्याव्या लागतात. वजन कमी पडलं तर खोगिराखालच्या कपड्याच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालता येतात. जास्त भरलं तर इलाज नाही. ओव्हरवेट जाहीर होतं, मालकाचं तोंड वाकडं होतं आणि पुढच्या आठवड्यात फोन वाजत नाही.

म्हणून जॉकी वाळतात. हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण चरबी आधीच गेलेली असते, उरलेलं असतं ते पाणी. शर्यतीच्या आदल्या रात्री दोन किलो उतरवायचे असले की त्यांतला बहुतेक ऐवज पाण्याचाच असतो. गरम पाण्याच्या टबमध्ये तास-दीड तास बसायचं, सॉनामध्ये जायचं, बाहेर येऊन टॉवेलात गुंडाळून घ्यायचं म्हणजे घाम चालू राहतो, पुन्हा आत जायचं. रबरी सूट घालून पळायचं. लघवीच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या. सत्तरच्या दशकात याबद्दल फारशी कुणी चौकशीही करत नसे. सकाळी काळी कॉफी, दुपारी काही नाही, रात्री माशाचा एखादा तुकडा. शरीरातलं पाणी दोन-तीन टक्क्यांनी घटलं की पायांत गोळे यायला लागतात, तोंड कोरडं पडतं, हातातली ताकद उतरते. त्याहून वाईट म्हणजे निर्णय मंदावतात. दोन घोड्यांमधली फट दिसते, पण आत शिरावं की थांबावं हे कळायला निमिष जास्त लागतं, तोवर फट मिटलेली असते. स्टँडमधले लोक मग म्हणतात, जॉकीने घोडा खेचला, मुद्दाम मागे ठेवला. पुष्कळदा बिचाऱ्याने काहीच खेचलेलं नसतं, तो उपाशी असतो. वर्षानुवर्षं हे केल्याची किंमत मूत्रपिंडं आणि हाडं चुकती करतात, आणि या धंद्यात हाडं काही नुसती उभं राहायला लागत नाहीत. पडल्यावरही लागतात.

याच वाटेवर पिगटच्या आधी फ्रेड आर्चर होऊन गेला. तोही असाच उंच, तोही वाळलेला, तेरा वेळा चॅम्पियन, २,७४८ विजय, पैशाच्या बाबतीत तोही असाच चिकट म्हणून प्रसिद्ध. १८८६ च्या केंब्रिजशायर हँडिकॅपमध्ये सेंट मिरिनवर बसायला त्याने स्वतःला इतकं सुकवलं, तरी एक पौंड ओव्हरवेट भरलाच. घोडा एका डोक्याच्या अंतराने हरला. त्यानंतर ताप आला, आणि ८ नोव्हेंबरला, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. पिगटचं घराणं पिढीजात रेसवाल्यांचं. आजोबा अर्नेस्ट यांनी ग्रँड नॅशनल जिंकलेली, आजीकडून कॅनन घराणं, आई रिकबी घराण्यातली. आर्चरची गोष्ट या घरात ठाऊक नसणं शक्यच नाही. तरी बाप कीथ पिगट यांनी लॅम्बोर्नच्या आपल्या तबेल्यात पोराला अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतलं आणि १८ ऑगस्ट १९४८ रोजी हेडॉकला 'द चेस' नावाच्या घोडीवर लेस्टर पहिली शर्यत जिंकला. वय वर्षं बारा. त्या वयात उंची दिसत नव्हती, नाहीतर कदाचित बापानेच फेरविचार केला असता. जन्मतः त्याला कमी ऐकू यायचं, बोलणंही अडखळतं. पुढे पत्रकारांनी याला गूढपणा म्हटलं, काहींनी तुसडेपणा. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला गर्दीतल्या शिव्याही कमी ऐकू येत असणार, आणि या धंद्यात तो लहानसहान फायदा नव्हे.

आता बैठकीबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज जॉकी लांब रिकिबी सोडून ताठ बसत असत. टॉड स्लोन नावाचा अमेरिकन १८९७ मध्ये आला आणि मानेवर वाकून बसला, तेव्हा त्याला माकड म्हणून हसले. पुढच्या काही वर्षांत सगळेच तसे बसू लागले, कारण वेळाच बोलत होत्या. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या बैठकीमुळे त्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या होत्या. कारण साधं आहे. घोडा प्रत्येक ढांगेला वरखाली आणि पुढेमागे हिंदकळतो. वरचा माणूस खोगिरात बसला असेल तर त्यालाही प्रत्येक वेळी उचलावं आणि ढकलावं लागतं. तो गुडघे-घोट्यांची स्प्रिंग करून वर तरंगत राहिला, तर घोड्याला त्याचं वजन वाहावं लागतं, पण हलवावं लागत नाही. भार सगळा जॉकीच्या मांड्यांवर येतो. पिगटने रिकिबी आणखी आखूड केल्या, इतक्या की त्याचं ढुंगण आभाळाकडे आणि गुडघे जवळजवळ हनुवटीला. शैली म्हणून पुढच्या पिढीने ती उचलली. कित्येकांना ती झेपलीही नाही, कारण इतक्या आखूड रिकिबीवर पायाची पकड राहतच नाही. घोडा बिचकून बाजूला झाला की तुम्ही हवेत. पिगटचा तोल हातांत होता आणि लांब पाठीत होता. ज्या उंचीने त्याला उपाशी ठेवलं, त्याच उंचीने त्याला हा लांब तरफ दिला होता.

आणि डोक्यात घड्याळ. आपल्याकडे पहाटे ट्रॅकवर घोडे काम करताना टायमर लावून माणसं बसलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी रेसपुस्तकात '६०० मीटर ४० सेकंद, सहज' असं छापून येतं. चांगल्या जॉकीला ते छापील आकडे लागत नाहीत. फर्लांग, म्हणजे दोनशे मीटर, बारा सेकंदात गेला की तेरात, हे त्याला टापांच्या लयीवरून आणि घोड्याच्या श्वासावरून कळतं. भरधाव घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो. श्वास घोगरा झाला की टाकीत किती उरलंय ते समजतं. १९६८ च्या डर्बीत सर आयव्हर या घोड्याला दीड मैल झेपेल का, याबद्दल सगळ्यांना शंका होती. पिगटने त्याचा वेग जपून ठेवला. कॉनॉट पुढे निघून गेला, लोकांनी शर्यत संपली असं धरलं, आणि शेवटच्या फर्लांगात पिगटने घोडा सोडला. तीसेक ढांगांपुरताच वेग त्या घोड्याकडे होता, आणि तेवढ्याच त्याने वापरल्या. हीच सवय अंगाशीही आली. १९७० मध्ये निजिन्स्कीने गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर अशी तिन्ही मुकुटं घेतली. मध्ये ऑगस्टमध्ये त्याला नायटा झाला होता, अंगावरचे केस गेले होते. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या आर्क या मोठ्या शर्यतीत पिगटने त्याला फार मागे ठेवला, वाट काढून आणला आणि सासाफ्राकडून एका डोक्याने हरला. दमलेला घोडा की उशिरा निघालेला जॉकी, यावर तेव्हा जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. माझा कौल घोड्याच्या दमण्याकडे आहे, पण पंचाहत्तर-पंचवीस.

इथे मराठी वाचकाला उगाच परकं वाटू नये म्हणून एक आडवळण घेतो. पिगटने ज्या क्रेपेलोवर १९५७ ची आणि सेंट पॅडीवर १९६० ची डर्बी जिंकली, ते दोन्ही घोडे सर व्हिक्टर ससूनचे. पुण्याच्या ससून रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू, आणि इंग्लंडात नाव काढण्याआधी मुंबई-पुण्याच्या मैदानांवर 'ईव्ह' नावाने त्याचे घोडे धावायचे. हे दोन्ही घोडे तयार केले नोएल मर्लेसने, न्यूमार्केटच्या वॉरन प्लेस या तबेल्यात. ते वॉरन प्लेस त्याआधी बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांचं होतं. महाराजांनी अठ्ठावीस हजार गिनी मोजून, म्हणजे त्या काळचा विक्रमी भाव देऊन, एक शिंगरू घेतलं आणि आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. १९४७ च्या सप्टेंबरात, इथे नुकतंच स्वातंत्र्य आलेलं असताना, डॉनकॅस्टरला सयाजीराव सेंट लेजर जिंकला. वर होता एडगर ब्रिट, जो १९४३ मध्ये आपल्याकडची पहिली इंडियन डर्बी गायकवाडांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुलवर जिंकला होता. सयाजीरावाचा ट्रेनर सॅम आर्मस्ट्राँग, आणि १९६० मध्ये लेस्टर पिगटने लग्न केलं ते या आर्मस्ट्राँगच्या मुलीशी, सुझनशी. तेव्हा पिगट आपला सोयरा नाही म्हणायचं तर जरा जपूनच.

मर्लेसकडे त्याने बारा-एक वर्षं काढली. मग १९६६ मध्ये ओक्ससाठी मर्लेसची घोडी सोडून आयर्लंडच्या व्हिन्सेंट ओब्रायनची व्हालोरिस पत्करली आणि जिंकला. मर्लेसशी फाटलं. त्या काळी पहिल्या फळीचा जॉकी कुठल्या तरी मोठ्या तबेल्याला बांधलेला असायचा. ठराविक मेहनताना, पण मालक म्हणेल तो घोडा. पिगट मोकळा झाला, म्हणजे इंग्लंडातला कुठलाही चांगला घोडा आता त्याच्या नजरेच्या टप्प्यात आला, मग त्यावर आधीच कुणीतरी बसलेलं असलं तरी. तो थेट मालकाला फोन करायचा. १९८४ च्या सेंट लेजरसाठी कमांच रनवरून अमेरिकन जॉकी डॅरेल मॅक्हार्ग उतरला आणि पिगट चढला, कारण मालकाला तोच हवा होता. त्या सेंट लेजरने पिगटचे २८ क्लासिक झाले आणि फ्रँक बकलचा दीडशेहून अधिक वर्षं टिकलेला विक्रम मोडला. विक्रमाच्या यादीत मॅक्हार्गचं नाव अर्थातच कुठे नाही.

आपल्या महालक्ष्मीवरही हे चालतं. मोठ्या रेसला मोठा जॉकी मोकळा झाला की तीन महिने घोडा घडवणारा पोरगा खाली उतरतो आणि कुणी त्याची समजूत घालायला जात नाही. एकच, की उतरवणारे हात मालकाचे असतात. चढणाऱ्याने मागितलं होतं की नाही, हे सहसा बाहेर येत नाही. पिगट मागायचा, आणि लपवायचा नाही.

भुकेचा शेवट कुठे होतो ते १९८७ मध्ये दिसलं. इप्सविचच्या कोर्टात करचुकवेगिरीबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली. रक्कम तीस लाख पौंडांच्या वर. ३६६ दिवस तो तुरुंगात होता आणि १९७५ साली मिळालेली ओबीई पदवी काढून घेतली गेली. चाळीस वर्षं ताटातून काढून ठेवणारा माणूस पैसाही काढून ठेवतच गेला, असं म्हणायचा मोह होतो, पण मला ते सोपं वाटतं. कर बुडवणारे भरल्या पोटीही पुष्कळ असतात. सुटून आल्यावर १५ ऑक्टोबर १९९० ला तो पुन्हा घोड्यावर बसला, आणि बारा दिवसांनी न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कला ब्रीडर्स कप माईलमध्ये रॉयल अकॅडमीवर. ट्रेनर ओब्रायन, घोडा निजिन्स्कीचा मुलगा, जॉकीला पंचावन्न पूर्ण व्हायला नऊ दिवस. वळणावर घोडा जरासा अडखळला, पिगटने त्याला सावरायला दोन ढांगा दिल्या, मग बाहेरून आणून एका मानेने जिंकला. या शर्यतीचं चित्रण मिळालं तर पाय बघा. चढाओढीच्या शेवटच्या दोनशे मीटरांत थकलेला जॉकी खोगिराला टेकतो, घोड्याच्या पाठीवर आपटायला लागतो. पाच वर्षं शर्यतीबाहेर असलेल्या या माणसाचं बूड शेवटपर्यंत खोगिराला लागत नाही.

आज तो असता तर त्याला अडचण झाली असती. ब्रिटनमध्ये सपाट शर्यतीत सहापेक्षा जास्त फटके चालत नाहीत, आणि रेसकोर्सवरचे सॉना २०२१ पासून कायमचे बंद आहेत. दोन्ही नियम उशिरा आले असं माझं मत आहे. तरी जुनी डर्बी लावली की डोळे त्या फटक्यांकडेच जातात, हेही तितकंच खरं.

मी बहुतेक वेळा १९७२ ची लावतो. एप्समचा ट्रॅक सरळमार्गी नाही. आपला महालक्ष्मीचा सपाट ट्रॅक मनात ठेवून तो बघायला गेलात तर गोंधळ होईल. डावीकडे वळणारा घोड्याच्या नालासारखा मार्ग, पहिल्या हजारएक मीटरांत चाळीस मीटरांची चढण, मग टॅटनम कॉर्नरकडे घसरता उतार, आणि वळल्यावर साडेतीन फर्लांगांची सरळ पट्टी, जी डावीकडच्या रेलच्या, म्हणजे कठड्याच्या बाजूला कललेली आहे. दमलेला घोडा या कलत्या जमिनीवर आपसूक डावीकडे घरंगळतो. शेवटच्या शंभर मीटरांत पुन्हा थोडी चढण. ओब्रायनच्या रॉबर्टोवर ऑस्ट्रेलियन बिल विल्यमसन बसायचा होता. दहा दिवसांपूर्वी तो पडला होता, खांद्याला मार होता. डॉक्टरांनी बरा ठरवला, पण अमेरिकन मालक जॉन गॅलब्रेथ यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पिगटला बसवलं आणि घोडा जिंकला तर विल्यमसनलाही पिगटइतकाच हिस्सा देऊ असं कबूल केलं.

शेवटच्या दोन फर्लांगांत रेलजवळ पेंटलंड फर्थ, मध्ये रॉबर्टो, उजवीकडे अर्नी जॉन्सनचा राइनगोल्ड. राइनगोल्ड उतारावर डावीकडे कलत रॉबर्टोला रेटतोय. जॉन्सनची अडचण अशी की घोडा सरळ ठेवायला त्याला दोन्ही हात लगामावर लागतायत. चाबूक उचलायचा तर लगाम सैल होणार आणि घोडा अजून आत येणार. रॉबर्टो दोन घोड्यांच्या चिमट्यात. पिगट चिमटा सुटेपर्यंत थांबतो, रॉबर्टोचा तोल परत येऊ देतो, आणि मग चाबूक उजव्या हातात. प्रत्येक फटका ढांगेच्या त्याच बिंदूवर, मागचे पाय जमिनीला रेटा देतात तिथे. लयीबाहेर पडलेला फटका घोड्याला आखडवतो, लयीतला फटका ढांग लांबवतो. फटके जोरकस आहेत, बघवत नाहीत इतके. ते मोजायला लागलं की आपण शर्यत बघतोय की मारहाण, असं होतं. शॉर्ट हेड, म्हणजे एका डोक्याहूनही कमी अंतर. दोन नाकांतलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावं असं. फोटो, मग पंचांची चौकशी, मग निकाल कायम.

पुढच्या वर्षी पिगटने पॅरिसला आपली पहिली आर्क जिंकली. घोडा होता राइनगोल्ड. अर्नी जॉन्सनने एप्समला ज्याला दोन्ही हातांनी सांभाळलं, तोच. लेकूच्या चाबकाला अजून सहा वर्षं होती, पण हात तेव्हाच सरावला होता, असं मला वाटतं.

त्या दिवशी एप्समला डर्बी जिंकून परतणाऱ्या पिगटला टाळ्या कमीच पडल्या. लोकांना विल्यमसनवर अन्याय झाला असं वाटत होतं. त्याच दुपारी विल्यमसनने दोन शर्यती जिंकल्या आणि प्रत्येक वेळी स्टँडने त्याला डोक्यावर घेतलं. म्हणजे खांदा धड होता, डॉक्टरांचं बरोबर होतं, गॅलब्रेथ यांचं चुकलं होतं. आणि ती शेवटची दोनशे मीटर पुन्हा पुन्हा बघून मला तेवढ्याच खात्रीने वाटतं की रॉबर्टोवर विल्यमसन असता तर डर्बी राइनगोल्डची होती.